नऊ ब्लॅकआउट

९ मार्च

चाळीस वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाला त्या कामाचं नाव माहीत नसतं, हे कसं होत असेल? सकाळपासून विचार करतेय.

मोरूकाका गावच्या उत्सवातल्या नाटकाचं स्टेज बघतात. आज त्यांना विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? म्हणाले, पडदा वढतो. मी समजावलं की त्याला दर्शनी पडदा म्हणतात, वर असते ती झालर, बाजूला विंगा, मागे आकाश दाखवायचा मोठा पडदा तो सायक्लोरामा. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, चाय घेतेस का?

ही वृत्ती. या वृत्तीमुळेच अलिबागच्या खाली रंगभूमी पोचलेली नाही.

यंदा हनुमान जयंतीचं नाटक माझ्या हातात आहे. नेपथ्य, प्रकाश, तांत्रिक बाजू सगळी. अल्पेशदादाने कबूल केलंय. अल्पेशदादा म्हणजे आमचे लेखक, दिग्दर्शक आणि नायक. दिवसा मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं तपासतो. त्याचं म्हणणं पडलं, तू मोकळीच आहेस ना. मी मोकळी नाही. मी बी.ए. आहे, शिवाय अलिबागचं दहा दिवसांचं नेपथ्य व प्रकाश शिबिर पूर्ण केलंय. नोट्स शेहेचाळीस पानं.

११ मार्च

मुंबईच्या नाट्यसंस्थेचा फॉर्म उघडला. नेपथ्याचा दोन वर्षांचा कोर्स. जागा बारा. दोन गोष्टी मागतात. प्रेक्षकांसमोर झालेल्या एका प्रयोगाचा सलग, न कापलेला व्हिडिओ. आणि ‘या प्रयोगातलं तुमचं नेमकं काम’, पन्नास शब्दांत. मुदत १५ एप्रिल, संध्याकाळी पाच.

बाबांशी बोलणं झालं. बाबा ट्रेलर चालवतात, उरणपासून जिथे पाठवतील तिथे. आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मी, हे ते टोलनाक्यावरच्या माणसालासुद्धा सांगतात. पण म्हणाले, हा एक प्रयत्न कर. नाव लागलं तर जा, मी अडवणार नाही. नाही लागलं तर एक मेपासून पेणला मामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसायचं, कंटेनरचे नंबर भरायला. मी म्हटलं, चालेल. आवाजात आत्मविश्वास होता. उरलेल्या अकरा जागांसाठी बाकीच्यांनी भांडावं.

पन्नास शब्दांचं उत्तर आजच लिहून ठेवलं: ‘संकल्पना, नेपथ्य, प्रकाशयोजना, तांत्रिक दिग्दर्शन आणि ग्रामीण रंगभूमीचं आधुनिकीकरण.’ बरेच शब्द उरलेत. ते प्रयोगानंतर लागतील.

१४ मार्च

नाटक वाचलं. अल्पेशदादाने स्वतः लिहिलंय. एक म्हातारा, त्याची बायको, दोन मुलगे, एक सून, तीन अंक, तीन मरणं. माणसं कमी पडली की अल्पेशदादा कोणाला तरी मारतो. साहित्य म्हणून याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझं क्षेत्र नाही.

मंडळाकडे चार रंगवलेले पडदे आहेत. घर, रस्ता, जंगल, राजवाडा. या नाटकात राजवाडा कुठेच नाही, तरी दरवर्षी शेवटच्या प्रवेशाला तोच लावतात. का? तर तो भारी आहे. गेल्या वर्षी एक बाई राजवाड्यात बसून तांदूळ निवडत होती आणि अख्ख्या गावात कोणाला काही वाटलं नाही.

चारही पडदे रद्द केले. मागे काळं कापड, पुढे फक्त एक दाराची चौकट. सूचक नेपथ्य. अल्पेशदादाने विचारलं, घर कुठंय? मी म्हटलं, प्रेक्षकांच्या मनात. तो म्हणाला, मॅडम, उत्सवाला आलेल्या प्रेक्षकांच्या मनात फक्त जेवण असतं.

मला ‘मॅडम’ म्हणतो. टोमणा आहे हे कळतं. दुर्लक्ष करायचं ठरवलंय.

१६ मार्च

आज सगळ्यात मोठा निर्णय. दर्शनी पडदासुद्धा रद्द.

या पडद्याची रचना लिहून ठेवण्यासारखी आहे, मागासलेपणाचा नमुना म्हणून. पडदा दोन अर्ध्यांत. प्रत्येक अर्ध्याला वेगळी दोरी, प्रत्येक दोरीला वेगळा माणूस. उजवीकडे मोरूकाका, डावीकडे विनेश. म्हणजे एक पडदा सरकवायला दोन धडधाकट माणसं. जगात हे काम बटणावर होतं. शिबिरात सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पडदा हा दिग्दर्शकाचा भित्रेपणा आहे. आधुनिक रंगभूमीत प्रवेश बदलतो तो ब्लॅकआउटने. सगळे दिवे एकदम बंद, पूर्ण काळोख, बारा सेकंद. त्यात नट येतात-जातात, मेलेले उठतात, सामान हलतं. दिवे लागतात तेव्हा नवं जग.

मी एकूण नऊ ब्लॅकआउट काढले. पहिल्या अंकात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन.

मोरूकाकांना सांगायला त्यांच्या घरी गेले. वाईट वाटेल म्हणून हळुवार बोलले. त्यांना वाईट वाटलंच नाही. फक्त म्हणाले, “पन उत्सवाला पुनव असते ना गो.”

म्हणजे पौर्णिमेला नवं काही करू नये. मी शांतपणे सांगितलं की काका, मी तिथी-वार मानत नाही.

“तू मान, नको मान,” ते म्हणाले, “ती येतेच.”

अशा माणसांशी वाद घालायचा नसतो. त्यांचं शिक्षण चौथी.

विनेश आता रिकामा झाला. अल्पेशदादाला सुचवलं, त्याला म्हातारा करा. पहिल्याच अंकात मरतो, पाठांतर कमी. विनेशचं वजन नव्वद किलो आहे. प्रेताला वजन असलं की वास्तवता येते.

२० मार्च

आज मैदानात तीन तास उभी राहून प्रकाशस्रोतांची यादी केली. ब्लॅकआउट म्हणजे नुसते स्टेजचे दिवे नव्हेत. बाहेरचा एक किरण आत आला तरी परिणाम संपला. हे इथे कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

एकूण चौदा. देवळाची रोषणाई, हायमास्ट, बर्फाच्या गोळेवाल्याची ट्यूब, दोन भेळेच्या गाड्या, खेळण्यांचं दुकान, आकाशपाळणा, समाजमंदिराचा व्हरांडा, रस्त्यावरचे तीन खांब, सरपंचांचा पोर्च (केवळ झुंबर दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवतात), पार्किंगमधल्या बाइका आणि ठमाआजींची बॅटरी.

ठमाआजी सगळ्यात कठीण. वय ऐंशीच्या पुढे. दरवर्षी पहिल्या रांगेत मधोमध चटई टाकून बसतात, नाटक चालू असताना नटांशी बोलतात, आणि कोण कोणाचा मुलगा आहे ते बघायला त्याच्या तोंडावर बॅटरी मारतात. त्यांना भेटून कलेचं महत्त्व सांगितलं. बॅटरी घरी ठेवायला तयार झाल्या, पण बदल्यात मला त्यांच्या मिरच्या खुडून द्याव्या लागल्या.

उत्सव समितीशी दोन मीटिंगा झाल्या. रोषणाई नऊ वेळा, दर वेळी बारा सेकंद बंद राहील. गोळेवालासुद्धा कबूल झाला. चौदाच्या चौदा स्रोत नियंत्रणात. एकही सुटलेला नाही.

२४ मार्च

समाजमंदिरात तालीम. खिडक्यांना गोणपाट लावून ब्लॅकआउट करून बघितला. परिपूर्ण. विनेश दाराच्या चौकटीवर आपटला, पण तो त्याचा दोष. ग्लो टेप मागवला. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या जमिनीवर चिकटवल्या की नटाला वाट दिसते.

अल्पेशदादा धाकटा भाऊ आणि डॉक्टर अशी दोन कामं करतो. चौथ्या ब्लॅकआउटमध्ये स्टेजवरच पँट बदलायची असं बसवलं. विंगेत जाऊन यायला बारा सेकंदांत जमत नाही. त्याने कुरकुर केली. मी म्हटलं, दादा, काळोखात नट नग्न असला तरी तो नटच असतो. हे वाक्य माझं स्वतःचं आहे.

स्टेजवर कापडी मांडव घालण्याची पद्धत आहे. तोही रद्द. आकाश हाच नैसर्गिक सायक्लोरामा. वरचा लोखंडी पाइप मात्र ठेवला, माझे सहा दिवे त्यावरच टांगायचे आहेत.

नेत्रा म्हणाली, सगळंच रद्द करतेस, एखादी गोष्ट तरी ठेव. नेत्रा माझी चुलत बहीण, नाटकातली सून. बारावीनंतर शिकली नाही.

२९ मार्च, सकाळ

काल रात्री मैदानात तांत्रिक तालीम. हे पान मी पुढे कधीतरी छापणार आहे.

चौदा दिवे बंद. माझे सहा बंद. आणि काळोख! समोर धरलेला हात दिसेना. समुद्राचा आवाज फक्त. बारा सेकंद कोणी श्वास घेतला नाही. दिवे लागले तेव्हा म्हातारा गायब आणि डॉक्टर उभा. समितीचे लोक आपसांत कुजबुजले. अल्पेशदादासुद्धा ‘मॅडम’ न म्हणता नुसतं “प्राप्ती, जमलं” म्हणाला. प्रणय लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्याने चाळीस मिनिटं शूट केलं. फ्रेम न फ्रेम बघितली. एकदाही कोणाचं बोट दिसत नाही.

मोरूकाका मागे बाकावर बसले होते. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, काय काका?

“झ्याक,” म्हणाले. “उद्या आवस हाय.”

पुन्हा तेच! पौर्णिमेला काही करायचं नाही, अमावस्येला काही करायचं नाही. मग करायचं कधी? तिथेच दहा मिनिटं वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलले. शेवटी ते म्हणाले, बोल गो, चांगला बोलतेस.

३ एप्रिल

मोरूकाकांनी दर्शनी पडदा धुतला. किनाऱ्यावर जाळं वाळत घालतात तसा पसरून ठेवलाय. पाइपवरच्या कड्यांना तेलही घातलं. नेत्रा म्हणाली, कशाला धुतायत गं? मी तिला सांगितलं, याला भावनिक गुंतवणूक म्हणतात, काही माणसांना निवृत्ती पचत नाही. त्यांना रिकामं वाटू नये म्हणून खुर्च्या लावण्याचं काम दिलं. हो म्हणाले.

ठराव: यापुढे कोणावर चिडायचं नाही. समाज हळूहळू बदलतो.

७ एप्रिल

चिडले. दाराच्या चौकटीला सुताराने गणपतीचं स्टिकर लावलं. काढलं तर म्हणाला, आता काय झालं तर मला बोलू नका.

९ एप्रिल

रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर चालत सगळे क्यू, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा-विझवायचा त्या खुणा, पाठ केले. क्यू शीट अकरा पानी आहे. वाचायला टॉर्चसुद्धा लागली नाही, इतका छान उजेड होता. मन फार प्रसन्न झालं. निसर्ग आपल्या बाजूने आहे असं वाटलं.

१२ एप्रिल, दुपारी ३

आज. दिवे कमीजास्त करायचा डिमर बोर्ड आला, दिवे टांगले. बोर्ड स्टेजच्या बाजूला, टेबलावर. समोर क्यू शीट, हातात शिट्टी, म्हणजे गोळेवाल्याला आणि बाकी सगळ्यांना दिवे बंद करायची खूण. बाबा खास सुट्टी घेऊन आलेत, नवा शर्ट घातलाय. त्यांनी आजवर माझं काहीच बघितलेलं नाही, कॉलेजसुद्धा नाही.

प्रणयला सांगितलं, कॅमेरा एकदा सुरू केला की शेवटपर्यंत थांबवायचा नाही. न कापलेला व्हिडिओ हवाय. म्हणाला, ताई, छत कोसळलं तरी थांबवत नाही. म्हटलं, छत नाहीच आहे.

१३ एप्रिल

सगळ्यात आधी एक गोष्ट नोंदवून ठेवते. तांत्रिकदृष्ट्या माझ्याकडून चूक झालेली नाही. मी शिट्टी वाजवली, चौदाही दिवे बंद झाले, एका सेकंदाचाही उशीर नाही. गोळेवाल्याचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. पंधरावा दिवा माझ्या अखत्यारीत नव्हता.

तो देवळाच्या कळसाच्या वर होता. पूर्ण, गोल, आणि आकाशात एक ढग नाही. उत्सव चैत्र पौर्णिमेला असतो. दरवर्षी असतो. मी जन्मल्यापासून असतो.

तिसरी घंटा, पहिला ब्लॅकआउट. सगळं बंद केलं आणि स्टेज आणखीच छान दिसायला लागलं. दुधासारखं. मोठा भाऊ चोरपावलांनी जागेवर येत होता, दोन हजार माणसं त्याला बघत होती, आणि त्याला वाटत होतं आपण दिसत नाही. मला वाटलं, डोळे सरावले की कमी दिसेल. कसं कमी दिसेल? क्यू शीटप्रमाणे पुढे गेले.

पहिल्याच प्रवेशात म्हातारा मेला. विनेश चांगला मेला. नेत्राने टाहो फोडला, बायका डोळे पुसायला लागल्या, मी ब्लॅकआउट दिला. विनेश उठला. ठरल्याप्रमाणे उशी घेतली, चादर घेतली, आणि खाटेखाली वाकून चप्पल शोधायला लागला. एक सापडली, दुसरी सापडेना. मग पहिल्या रांगेतून ठमाआजी बोलल्या. त्यांना बॅटरीची गरज नव्हती.

“अरं विनेश, आताच मेलास ना रं? गप पड.”

विनेशला काय वाटलं कोण जाणे, तो परत पडला.

मैदान फुटलं. दिवे लागले, प्रवेश दोन सुरू, आणि डॉक्टरांच्या दिवाणखान्यात म्हातारा चादर घेऊन पडलेला. तिसऱ्या ब्लॅकआउटला तो उठून गेला तेव्हा टाळ्या पडल्या. चौथ्याला लोक स्वतःच शिट्ट्या वाजवून गोळेवाल्याला खुणा करायला लागले. त्यांना ब्लॅकआउट हवा होता. आणि अल्पेशदादाने, तो बिचारा शिस्तीचा माणूस, ठरल्याप्रमाणे पँट काढली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची हाफपँट. जेट्टीवरची सगळी माणसं आली होती.

बाबा कुठे बसलेत ते मला माहीत होतं. तिकडे बघितलं नाही.

मध्यंतर. अल्पेशदादा विंगेत माझ्यासमोर उभा राहिला आणि पँटचा पट्टा आवळत निघून गेला. ‘मॅडम’सुद्धा म्हणाला नाही. मी बोर्डाच्या मागे बसून क्यू शीटची पानं नीट लावत होते. अजून पाच बाकी. दोन मरणं त्यात.

मोरूकाका आले. वर पाइपकडे बोट दाखवलं. झालरीच्या मागे, दोन्ही टोकांना, गुंडाळून सुतळीने बांधलेला पडदा होता. दुपारीच बांधला असणार, मी जेवायला गेले तेव्हा. म्हणाले, “सोडू का?”

मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला विनेश नाही. चप्पल मिळाल्या मिळाल्या तो घरी निघून गेला होता.

ते तिथेच उभे राहिले. मला आधी कळलंच नाही ते कशाची वाट बघतायत. मग कळलं. मी बोर्डावरच्या सहाही दिव्यांच्या खुंट्या पूर्ण वर ढकलल्या, बोर्ड तसाच सोडला आणि डाव्या विंगेत गेले.

जाता जाता त्यांनी एवढंच सांगितलं, “मेल्याच्या बाजूचा अर्धा आधी. रडनारीचा मागून. मी हात खाली केला का वढ. त्याच्या आधी नाय.”

पहिल्यांदा मी जोरात ओढला, तो अल्पेशदादाच्या नाकावर बसला. दुसऱ्यांदा अडकला. दोरी काथ्याची आहे आणि तळहात सोलतात. ओढताना वजन अंगावर येतं, मग एकदम सुटतं. हे आधी कोणी सांगत नाही.

शेवटचं मरण सासूचं. सासू उजवीकडे, मोरूकाकांच्या बाजूला. नेत्रा माझ्या बाजूला. सासू गेली, मोरूकाकांनी आपला अर्धा हळूच सरकवला, खाट झाकली गेली. उरली नुसती नेत्रा, गुडघ्यावर बसलेली. त्यांनी हात वर केला आणि वरच ठेवला. माझ्या हातात दोरी ताणलेली. मला वाटलं विसरले. सोडून देऊ का, ओढू का? नेत्राचं रडणं संपलं, तिचे संवादही संपले होते, आता ती नुसती बसली होती. दोन तास खिदळत असलेलं मैदान गप्प. हात अजून वरच. गोळ्याचं मशीनसुद्धा थांबलं होतं.

मग हात खाली आला. मी ओढला. बरोबर बंद झाला.

पाच मिनिटं टाळ्या होत्या. त्यातल्या किती हाफपँटसाठी होत्या, सांगता येणार नाही.

मोरूकाका दोऱ्या गुंडाळून निघताना म्हणाले, हातांना खोबरेल लाव. ‘मी सांगत होतो’ असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

१४ एप्रिल

घराबाहेर पडले नाही. एकदा पडले, तर किराणाच्या दुकानात विनेशला कोणीतरी विचारत होतं, आज जिवंत का? परत आले.

आज पहाटे ट्रेलर घेऊन निघताना बाबा आईला म्हणाले, तिला विचार, फॉर्म भरला का.

कारणांची यादी करायला बसले. शिबिरात चंद्राबद्दल शिकवलं नव्हतं. समितीने लक्षात आणून द्यायला हवं होतं. मोरूकाका नीट सांगत नाहीत. इथे थांबले. मोरूकाकांनी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी त्यांना व्याख्यान दिलं. नोट्स काढून बघितल्या. पडद्यावर एकच ओळ आहे, ती भित्रेपणाची. सरांनी कधी ओढला होता का, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी नेत्रा आली. तिने मार्ग सांगितला. प्रणयने पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली दिल्यात, तालमीची चाळीस मिनिटं आणि परवाचा अख्खा प्रयोग. तालमीची पाठव. सलग आहे, कापलेली नाही, काळोख झकास आहे. प्रेक्षक काळोखात असतात, ते होते की नव्हते कोणाला कळणार? मी म्हटलं, तू बारावीनंतर शिकली नाहीस ते बरं केलंस, फार हुशार झाली असतीस. ती हसली. मी गंभीरपणे म्हणत होते.

ठरलं. तालमीचा व्हिडिओ. नैतिकदृष्ट्या तोही प्रयोगच आहे. समितीचे सात लोक बघत होते.

१५ एप्रिल

सकाळच्या एसटीने रेवदंड्याला. गावात एवढी मोठी फाइल जात नाही. सायबरवाल्याने तालमीचा व्हिडिओ चढवायला घेतला, तो अर्ध्यावर जाईपर्यंत मी वेळ काढायला शेजारच्या कॉम्प्युटरवर दुसरी फाइल लावली. नुसतं किती वाईट दिसतं ते बघायला.

फार वाईट दिसतं. विनेशची चप्पल स्पष्ट दिसते. ठमाआजींचा आवाज कोणत्याही संवादापेक्षा चांगला आलाय. माझे सहा दिवे कुठे आहेत ते शोधावं लागतं. दुसऱ्या अंकात पडद्याला लाटा येतात, एकदा पडदा अर्ध्यावर थांबतो आणि मागून माझा आवाज येतो, “अडकला, काका, अडकला.”

मग शेवट आला. खाट झाकली जाते आणि नेत्रा उरते. मी विंगेत होते, मला तेव्हा दिसलं नव्हतं. कॅमेरा कडेने तिरका लावला असल्यामुळे पुढच्या रांगांचे चेहरे बाजूने दिसतात. ठमाआजी पदराने नाक पुसतायत. त्यांच्या मागे दोन रांगा सोडून बाबा. नव्या शर्टाची बाही डोळ्यांवर.

नऊ सेकंद आहेत. तीनदा मोजले. मग माझा अर्धा बंद होतो.

दोन तास अडतीस मिनिटांच्या नाटकात मी केलेली नीट गोष्ट ती एवढीच आहे, आणि तीसुद्धा मोरूकाकांनी हात वर धरला म्हणून. पण दोरी माझ्या हातात होती. तालमीच्या व्हिडिओत हे नाही. त्यात नुसता काळोख आहे.

सायबरवाल्याला सांगून पहिली फाइल थांबवली. तो म्हणाला, ताई, नव्वद टक्के झाली होती. दुसरी चढायला तीन तास लागले. तोवर पन्नास शब्दांची चौकट उघडून बसले. आधीचं उत्तर खोडलं आणि हे भरलं: ‘पहिल्या अंकातले चार फसलेले ब्लॅकआउट माझे. दुसऱ्या अंकापासून पडद्याच्या डाव्या अर्ध्याची दोरी ओढली. उजवीकडे मोरूकाका होते. ते चाळीस वर्षं ओढतात.’

वीस शब्द. आणखी काही सुचलं नाही.

४.५२ ला सबमिट दाबलं. स्टँडवर एसटीची वाट बघताना पेणच्या मामांना फोन करून ऑफिस कधी उघडतं ते विचारून घेतलं. साडेनऊला.